घड्याळजींचे अठ्ठावीस टक्के

तिला सगळे टक्केवाली म्हणत. नावात तसा घोटाळाच होता. टक्केवारी म्हटली की लोकांना कंत्राटं आठवतात, टेबलाखालून सरकवलेली पाकिटं आठवतात, आणि या बाईने तर दुसऱ्याच्या दारात पाण्याचा पेलासुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय घेतला नव्हता. तिचं काम महागाईच्या पाहणीचं. दर दोन महिन्यांनी यादीतल्या चाळीस घरांत जायचं, दार उघडेल त्याला मोबाइलवरचा प्रश्न वाचून दाखवायचा, ‘गेल्या वर्षभरात भाव किती टक्क्यांनी वाढले असं तुम्हाला वाटतं?’ आणि येईल ते उत्तर भरायचं. पैसे फॉर्ममागे मिळायचे, पगार नव्हता.

लोक आधी हसायचे. “टक्के कसले विचारता, टोणपे विचारा!” असं एक शिंपी म्हणाला होता. टक्क्यांचा हिशेब न जमणाऱ्याला ती विचारायची, “बरं, पूर्वी शंभरात जे यायचं त्याला आता किती लागतात?” मग माणूस डोळे मिटायचा, बोटं मोडायचा, आतल्या खोलीत हाक मारून तेलाचा भाव विचारायचा. टक्केवाली थांबायची. या कामाच्या सात वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. माणूस डोळे मिटून विचार करत असेल तर मध्ये बोलायचं नाही.

या खेपेचे चाळीस फॉर्म भरून झाले आणि तिला ऑफिसात बोलावणं आलं. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथला सुपरवायझर तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर एक साहेब होता आणि त्या साहेबाच्या डोक्यावर आणखी एक.

“ताई, तुमचे चौदा फॉर्म लाल आलेत,” तो स्क्रीन तिच्याकडे वळवून म्हणाला.

“लाल म्हणजे?”

“वीसच्या वर गेलेले. सॉफ्टवेअर ते चूक धरतं. हे बघा, अठ्ठावीस. हे तीस. अधिकृत आकडा चार पूर्णांक सहा आहे. ह्या लोकांना काय स्वप्नं पडतात?”

“साहेब, अधिकृत आकडा आपण विचारतच नाही. आपण विचारतो, तुम्हाला काय वाटतं.”

“मग चुकीचं वाटतंय त्यांना. टीव्ही स्वस्त झाले, मोबाइल स्वस्त झाले, ते कुणी धरत नाही.”

“रोज सकाळी टीव्ही कोण आणायला जातं?”

त्याने कपाळ चोळलं. “वाद नको. चौदाही घरांत परत जा. आधी अधिकृत आकडा वाचून दाखवा, मग तोच प्रश्न विचारा. माणसाला अंदाज आला की उत्तर आपोआप सुधारतं.”

“हे लेखी द्याल?”

“लेखी कशाला, ताई? बाकीचे सगळे दोन फेऱ्यांपासून करताहेत. तुमचे तेव्हा दोनच लाल होते, मी चालवून घेतले.” मग आवाज उतरवून म्हणाला, “लाल राहिलेल्या फॉर्मचे पैसे एजन्सी देत नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

टक्केवालीचा नवरा इमारतींना काचा बसवायचा. महिन्यापूर्वी एक काच निसटून त्याच्या तळहातातून आरपार गेली होती, आणि तेव्हापासून तो हाताला पट्टी बांधून घरात येरझारा घालत होता. चौदा फॉर्म म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तिने गपचूप यादी उचलली. जिना उतरताना तिला स्वतःचाच राग आला, पण पाय उतरत राहिले.

यादीत पहिलं नाव घड्याळजींचं होतं. वय एकोणऐंशी. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. आता गिऱ्हाईक आठवड्याला एखादं, तेही घड्याळापेक्षा गप्पांसाठी येणारं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर दिवा, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस. मागच्या वेळी त्यांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं होतं, “अठ्ठावीस. लिही.” अंदाज नाही, ‘सुमारे’ नाही.

आज त्यांची मुलगी घरात होती. ती नर्स होती. रात्रपाळी करून थेट इकडे आलेली, डोळे ओढलेले, हातात वडिलांसाठी आणलेला डबा. टक्केवालीने मोबाइल काढला, घसा साफ केला आणि सांगितल्याप्रमाणे वाचलं, “अधिकृत मोजणीनुसार गेल्या वर्षी भाव चार पूर्णांक सहा टक्क्यांनी वाढले. तुम्हाला किती वाढले असं वाटतं?”

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

“चार पूर्णांक सहा?”

“हो, काका.”

“सगळं धरून?”

“सगळं धरून.”

“बघा!” मुलगी पटकन पुढे आली. “मी म्हणत नव्हते? बाबा, त्या पाववाल्याशी तुम्ही चारचौघांत भांडलात. पाव पंचवीसला होता, सात जास्त घेतोस, चोर आहेस, असं म्हणालात त्याला. तो बिचारा मला फोन करून सांगत होता.”

“पंचवीसलाच होता,” घड्याळजी म्हणाले. पण या खेपेला शब्द आले ते चाचपडत.

“तुम्हाला आठवतं असं वाटतं, बाबा. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून झोपलात, तेही तुम्हाला आठवत नव्हतं.”

म्हाताऱ्याने टेबलावरचं उघडं घड्याळ बाजूला सारलं. मग म्हणाला, “पाच लिही, बाई. तसंच असेल. एवढी शिकलेली माणसं मोजतात, ती काय उगाच? माझंच हल्ली काही खरं नाही.”

टक्केवालीने पाच लिहिले. बोट स्क्रीनवर टेकलं आणि फॉर्म हिरवा झाला.

मुलगी तिला सोडायला दारापर्यंत आली. “बरं झालं तुम्ही आलात,” ती हळू आवाजात म्हणाली. “आठ महिने सांगतेय, एकटे राहू नका, माझ्याकडे चला. ऐकत नव्हते. आता रविवारी नेते. हत्यारं एका दुकानदाराला देऊन टाकू. तुमच्या आकड्याने त्यांना पटलं तरी.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, तिच्या मनात काळंबेरंही नव्हतं. रात्रपाळीत जिचा अर्धा जीव बापाच्या गॅसपाशी अडकलेला असतो तिने दुसरं काय म्हणावं? पण टक्केवाली खाली उतरली ती यादीकडे न बघता. माणसाकडे उरलेली एकच भक्कम गोष्ट आपण हिरव्या चौकोनासाठी काढून घेतली, असं तिला वाटलं.

दुसरं घर पाळणाघरवाल्या मावशींचं. तळमजल्यावर दोन खोल्या, अकरा पोरं. सगळी जेवून ओळीने झोपलेली. मावशींनी ओठावर बोट ठेवून तिला स्वयंपाकघरात घेतलं.

“पुन्हा गं काय? तीस सांगितलं होतं ना तुला?”

टक्केवालीने मोबाइल काढला. वाक्य समोर होतं. ते वाचायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळं सांगून टाकलं. लाल यादी सांगितली, सुपरवायझर सांगितला, आणि आत्ताच एका म्हाताऱ्याचे अठ्ठावीस पाचावर आणून आले तेही सांगितलं.

“मग मलाही वाच की,” मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या.

“नाही वाचत.”

“मग आलीस कशाला? तोंड दाखवायला?” मावशींचा आवाज चढला, पलीकडे एक पोर चुळबुळलं, आणि त्या कुजबुजत्या आवाजात, पण दुप्पट तिखट बोलू लागल्या. “अगं, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं म्हणतात. तुझे साहेब त्याच्याही पुढे गेले. ते शेळीलाच सांगतात, तुझं काही दुखत नाहीये!”

त्यांनी फळीवरून एक पारदर्शक पेला काढून तिच्या पुढ्यात आपटला. पेल्यावर नखांना लावायच्या लाल रंगाच्या तीन रेघा होत्या, एकीखाली एक.

“ही वरची तीन वर्षांपूर्वीची. दूध इथपर्यंत भरायचे. मग ही. आता ही. अकरा आयांना फी वाढवून मागितली, तर दोघींनी पोरं काढून घेतली, मग फी पुन्हा कमी करून ती परत आणली. दुधाचा भाव माझ्या हातात नाही, फी माझ्या हातात नाही. हातात राहिली एक रेघ.”

“पोरांना कळत नाही?”

“रेघेपर्यंत दूध आलं की त्यांना पेला भरल्यासारखा वाटतो. म्हणून तर रेघ ओढते.” मावशींनी पेला पुन्हा फळीवर ठेवला, पण हात तिथेच राहिला. “तीसच्या जागी एकोणतीस जरी लिहिलंस ना, तर या दारात पाय ठेवायचा नाही. आणि त्या म्हाताऱ्याकडे परत जा. आधी ते निस्तर.”

त्या दिवशी टक्केवाली आणखी कुठल्या घरी गेली नाही. घरी येऊन तिने चौदा घरांची यादी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि शेजारी प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक उघडलं. सात वर्षांत ते तिने एकदाच वाचलं होतं. नवरा डाव्या हाताने भाजी चिरण्याची खटपट करत होता. सासूबाई खिडकीशी बसून सगळं ऐकत होत्या, न ऐकल्यासारखं करून.

“पैसे जातील,” टक्केवाली म्हणाली. “कदाचित कामही.”

“जाईल,” नवरा म्हणाला. “हात काही जन्मभर पट्टीत राहणार नाही.”

“आणि त्या सुपरवायझरला माझ्याकडे पाठव,” सासूबाई न वळता म्हणाल्या. “म्हणावं, भाव चढतात हत्तीच्या पायांनी आणि उतरतात मुंगीच्या. हत्ती पायावर पडलाय त्याला वजन विचारायचं, का हत्तीच्या मालकाला?”

सकाळी ती घड्याळजींच्या दारात उभी राहिली तेव्हा दार उघडंच होतं. मुलीने रविवारची वाट पाहिली नव्हती. जमिनीवर दोन खोकी होती, एकात भिंतीवरची घड्याळं जुन्या चादरीत गुंडाळलेली. टेबलावरचा दिवा बंद होता. घड्याळजी पलंगाच्या कडेवर, पाहुण्यासारखे बसले होते.

“काका, मी काल चुकले,” टक्केवाली उभ्याउभ्याच म्हणाली. “तुम्ही नाही, मी. हे बघा आमचं पुस्तक. ‘विचारणाऱ्याने कोणतेही उत्तर सुचवू नये, कोणताही आकडा सांगू नये.’ मी तुम्हाला आकडा सांगितला. ही काही शाळेची परीक्षा नव्हती. तुमचं उत्तर चूक असूच शकत नव्हतं.”

“बाई, हे आता कशाला?” मुलगी वैतागून म्हणाली. “मोठ्या मुश्किलीने तयार झालेत.”

“चुकीच्या कारणाने तयार झालेत. न्यायचं तर न्या, ताई, तुमचे वडील आहेत. पण माझ्या खोट्यावर नेऊ नका.” मग ती म्हाताऱ्याकडे वळली. “काका, पाव पंचवीसला होता हे तुम्हाला कशावरून आठवतं?”

घड्याळजींनी वर पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी फक्त, नव्हता, असंच सांगितलं होतं. ते उठले, टेबलाशी गेले आणि खालचा अरुंद खण ओढला. आत बोटाएवढ्या पुड्या होत्या, शेकड्याने. प्रत्येकीत कुठलं चक्र, कुठला स्क्रू, कुठली स्प्रिंग.

“पावाचा मेणकागद,” ते म्हणाले. “त्याला धूळ चिकटत नाही, धागे सुटत नाहीत. चाळीस वर्षं याच कागदात बांधतो.”

त्यांनी एक पुडी सोडली, आतलं चक्र अलगद झाकणात ठेवलं, कागद सरळ केला आणि मुलीपुढे धरला. घड्या पडलेल्या, पण छापलेलं स्पष्ट होतं. पाकीटबंद केल्याची तारीख, तेरा महिन्यांपूर्वीची. खाली किंमत, पंचवीस.

मुलीने दुसरी पुडी सोडली. पंचवीस. तिसरी, दहा महिन्यांपूर्वीची, अठ्ठावीस. या महिन्यातल्या कागदावर बत्तीस. ती हातात कागद घेऊन खोक्याच्या कडेवर बसली.

“पंचवीसवर सात,” घड्याळजी म्हणाले. काल चाचपडणारा आवाज आज खोलीभर घुमला. “शंभरावर किती? अठ्ठावीस. मी रोज पाव खातो, बाई. टीव्ही माझ्याकडे नाही.”

“आणि गॅसचं काय, बाबा?” मुलगी विचारत होती, पण आवाजातली धार गेली होती.

“गॅस मी चालू ठेवला. तो माझा गुन्हा, कबूल. त्याला काय शिक्षा द्यायची ती दे. पण पाव पंचवीसला होता!”

आणि मग मुलगी हसली, रडली, दोन्ही एकदम. रात्रपाळी झालेल्या माणसाचं असंच होतं. तिने चादरीतलं एक घड्याळ काढून मांडीवर घेतलं. “गॅसशेजारी गजराचं लावता येईल का हो यातलं एखादं?” तिने विचारलं. घड्याळजी लगेच खोक्यात वाकले.

टक्केवालीने फॉर्म उघडला, पण एकदा हिरवा झालेला फॉर्म बदलता येत नव्हता. त्याचं कुलूप ऑफिसात होतं.

सोमवारी बैठक होती. दोन खोल्यांपैकी मोठ्या खोलीत दहा जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सुपरवायझर पुढच्या फेरीच्या तारखा वाचत होता. टक्केवाली उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलली.

“साहेब, माझा एक हिरवा फॉर्म उघडून द्या. मला तो लाल करायचाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझर हसला नाही. “ताई, आपण नंतर बोलू.”

“नंतर नको. मी त्या माणसाला आकडा सांगून उत्तर बदलायला लावलं. पुस्तकात पान नऊवर लिहिलंय की हे करायचं नाही. बाकीच्या तेरा घरांना मी आकडा वाचून दाखवणार नाही. त्यांनी दिलं तेच उत्तर राहील.”

“पैसे मिळणार नाहीत.”

“कळलं.”

“पुढच्या फेरीला बोलावणंही येणार नाही कदाचित.”

“तेही कळलं. पण मला एक समजावून सांगा. चार पूर्णांक सहाच हवे असतील तर ते तुमच्याकडे आधीच आहेत. मग मला चाळीस जिने चढायला कशाला लावता? लोकांना काय वाटतं ते मोजायचं, आणि वाटलेलं आवडलं नाही की त्यांनाच वेड्यात काढायचं, ही कुठली मोजणी?”

मागच्या रांगेत पूर्वी बसवर कंडक्टर असलेला एक जण बसायचा, आडदांड, सहसा न बोलणारा. तो बसल्याजागी म्हणाला, “माझे एकवीस होते. सगळे हिरवे केले मी. एका बाईने तर विचारलं, मग आमचे पैसे जातात कुठे? मी म्हटलं, मला काय माहीत?” त्याने मान खाली घातली. “माझेही उघडा.”

मग आणखी एकीने सांगितलं, सहा. तिसऱ्याने सांगितलं, सतरा, पण तो म्हणाला, मला पैशांची गरज आहे, मी काही उघडायला सांगणार नाही. त्याला कुणी बोल लावला नाही. दहांपैकी चौघे उभे राहिले, सहा बसून राहिले. सुपरवायझरने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा फोनकडे. शेवटी तो यंत्रापाशी बसला आणि एकेक फॉर्म उघडू लागला. घड्याळजींचा फॉर्म आला तेव्हा त्याने स्वतःच विचारलं, “किती?”

“अठ्ठावीस,” टक्केवाली म्हणाली. शेऱ्यासाठी दोनच ओळी जागा होती. तिने त्यात पाव, मेणकागद, दोन तारखा आणि दोन किमती बसवल्या. मावशींच्या फॉर्मवर पेला बसवला. बाकीच्या बारांवर तिला जेवढं आठवलं तेवढं. मग त्याच दुपारी, एजन्सीला हे काम देणाऱ्या पाहणीच्या मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहून स्वतःच्या सहीने पाठवलं. खाली कंडक्टरनेही सही केली, मोठी, तिकिटावर करावी तशी.

दीड महिन्याने मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, बोलणं मोजकं. या शहरातले आकडे पाच आणि सहावर असे गोळा का झालेत, हे कोडं त्यांना दोन फेऱ्यांपासून पडलं होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला चौदाही घरांबद्दल विचारलं, एकेक करून, आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. फोन तासाभराने संपला तेव्हा टक्केवालीचा कान लाल झाला होता.

त्यानंतर मुख्य कार्यालयाने शहरातले बाकीचे फॉर्मही नव्याने भरून घेतले आणि मग अहवाल निघाला. त्यात या शहराचा आकडा आधीच्या फेरीच्या तिपटीहून मोठा होता, आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप होती, की पूर्वीच्या दोन फेऱ्यांतली उत्तरं विश्वासार्ह धरू नयेत. भाव अर्थातच त्याने उतरले नाहीत. एजन्सीने टक्केवालीला चौदा फॉर्मचे पैसे दिले नाहीत आणि पुढच्या फेरीला बोलावलंही नाही. कंडक्टरलाही नाही. सुपरवायझरने मात्र एकदा रस्त्यात तिला गाठून सांगितलं, की आकडा वाचून दाखवायचं आता बंद झालंय, लेखी आदेश आलाय. ते सांगताना तो खूश होता की ओशाळलेला, हे तिला कळलं नाही.

घड्याळजी त्यांच्या खोलीतच आहेत. मुलगी रोज पाळीला जाताना नाहीतर येताना डोकावते, आणि गॅसशेजारचं घड्याळ दर वीस मिनिटांनी सगळी इमारत उठेल असं खणखणतं. शेजारी तक्रार करतात. घड्याळजी त्यांना दाद देत नाहीत. पाववाल्याशी त्यांनी समेट केला, पण स्वतःच्या अटीवर. त्याला ते म्हणाले, तू चोर नाहीस हे मान्य, पण सात वाढवलेस हे तूही मान्य कर. त्याने केलं.

टक्केवालीचा नवरा पुन्हा कामावर जाऊ लागला. तिला पालिकेच्या वाचनालयात अर्ध्या दिवसाचं काम लागलं, पैसे थोडे कमीच. गेल्या आठवड्यात मुख्य कार्यालयाच्या त्या बाईंनी तिला एका दिवसासाठी बोलावलं होतं, नव्याने भरती झालेल्यांना शिकवायला. समोर तीस-पस्तीस माणसं वह्या उघडून बसलेली. प्रत्येकापुढे ते प्रशिक्षणाचं पुस्तक होतं.

“दार उघडेल त्याचं ऐकायचं,” ती म्हणाली. “तो म्हणेल ते लिहायचं. वर बसलेल्यांना ते पटत नसेल तर त्यांना जिने चढायला सांगायचं.”

मागून कुणीतरी विचारलं, असं सांगितलं तर काम जाणार नाही का?

“माझं गेलं,” टक्केवाली म्हणाली, आणि पुस्तकाचं पान नऊ उघडायला सांगितलं.